मापात पाप, पण कुणाचे?

गेल्या पावसाळ्यात विहाराच्या अभ्यासिकेत एक मुलगा पगाराची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आला. आयटीआय फिटर. भांडुप पश्चिमेच्या एका गाळ्यात क्वालिटी तपासणीचे काम करतो, कंत्राटावर. चार दिवसांचा पगार कापलेला. का, तर कारखान्यातल्या मोजमाप यंत्राचे सॉफ्टवेअर बदलले आणि त्या महिन्यात रिजेक्शन वाढले. "ताई, जॉब तोच, मशीन तेच, मीही तोच. फक्त वरचा प्रोग्राम नवा. मग चूक माझी कशी?"

आमचे शिक्षण समाजशास्त्राचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे आम्हाला त्या संध्याकाळी कळले. पण कापलेला पगार आम्हाला नवा नाही. म्हणून त्याचा प्रश्न आम्ही तसाच उचलला आणि त्याच्याकडूनच शिकलो.

या यंत्राला सीएमएम म्हणतात. ग्रॅनाइटच्या टेबलावर जॉब ठेवायचा. वरून एक बारीक दांडी येते, तिच्या टोकाला माणकाचा छोटा मणी. भोकाच्या आत हा मणी आठ-दहा ठिकाणी टेकतो आणि प्रत्येक ठिकाणचा एक बिंदू संगणकाला मिळतो. इथे नीट लक्ष द्या. यंत्र व्यास मोजत नाही, यंत्र फक्त बिंदू देते. त्या बिंदूंतून वर्तुळ काढते सॉफ्टवेअर, आणि वर्तुळ एकाच प्रकारे काढता येते असे नाही. सगळ्या बिंदूंचे सरासरी वर्तुळ काढता येते, किंवा भोकात मावेल असे मोठ्यात मोठे वर्तुळही काढता येते. भोक अगदी गोल असेल तर दोन्ही उत्तरे एकच. पण लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ रिंग आवळली की ती किंचित दबते, आणि सोडल्यावर भोक तीन बाजूंनी थोडे फुगलेले राहते. मग दोन उत्तरांत फरक पडतो.

त्याच्या जॉबचे भोक 25 मिलिमीटरचे, ड्रॉइंगवर एच7 लिहिलेले. म्हणजे 25.000 ते 25.021 पर्यंत चालेल. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी वर्षांपूर्वी 'मावणारे वर्तुळ' निवडून ठेवले होते. नव्यात जुने प्रोग्राम बदलून घेताना ती निवड गळाली आणि सरासरी वर्तुळ आले. काल 25.017 येणारे भोक आज 25.023. स्क्रीनवर लाल. सहा मायक्रॉन, केसाच्या दहाव्या भागाहून कमी, आणि त्यासाठी चार दिवसांची रोजी!

मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता की काहीतरी गडबड आहे. त्याने प्लग गेज लावून पाहिला. 'गो' बाजू आत जाते, 'नो-गो' जात नाही, म्हणजे जॉब बरोबर. पण गेज म्हणजे हातातला लोखंडाचा तुकडा आणि स्क्रीन म्हणजे कॉम्प्युटर! शेठ म्हणाले, लाखो रुपये भरून अपग्रेड केले ते काय खोटे दाखवणार? सेटिंग उघडून पाहावे तर त्याला पासवर्ड नाही. नव्या प्रोग्रामचे एक दिवसाचे ट्रेनिंग झाले, त्याला शेठचा भाचा गेला. मशीनवर रोज आठ तास उभ्या राहणाऱ्याच्या हाती पडले इंग्रजीतले मॅन्युअल. जे जुने प्रोग्राम उघडतच नव्हते ते त्याने सुटीनंतर थांबून पुन्हा लिहिले, ओव्हरटाइमशिवाय. आणि रिपोर्टच्या तळाशी 'तपासणारा' म्हणून नाव मात्र त्याचेच छापले जाते.

कुणी म्हणेल, यात जात कुठे आली? आम्ही शेठवर तसा आरोप करत नाही. पण मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा विटाळ होई. जास्त मजुरीचे खाते त्यामुळेच बंद. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. तेव्हा दरवाजा विटाळाचा होता, आज पासवर्डचा आहे. या दोन गोष्टी सारख्या नाहीत हे आम्हाला कळते. तरी यंत्राशी रोजचा संबंध कुणाचा आणि यंत्राचे ज्ञान कुणाला, हा प्रश्न जुनाच आहे. एलबीएस मार्गावर जीकेडब्ल्यूसारखे मोठे कारखाने होते तेव्हा निदान युनियन विचारायची. गाळ्यातल्या सात माणसांचे कोण विचारणार?

आणि कॉम्प्युटर चुकत नाही ही अंधश्रद्धा किती माणसे खाते ते ब्रिटनने पाहिले आहे. तिथल्या टपाल खात्याने 1999 पासून 'होरायझन' नावाची प्रणाली आणली. हिशेबात तूट दिसू लागली आणि खात्याने छोट्या टपाल कार्यालयांच्या चालकांना चोर ठरवले. नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा 2010 मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. प्रणालीतच दोष होते हे न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले. मोजमाप यंत्रांचे तर त्याही आधीचे आहे. 1988 मध्ये अमेरिकेत या सॉफ्टवेअरबद्दल इशारा निघाला होता. तेच बिंदू दिले तरी काही प्रोग्राम जॉबचा दोष 37 टक्क्यांपर्यंत जास्त दाखवत, काही 50 टक्क्यांपर्यंत कमी. म्हणून तर 2001 मध्ये सॉफ्टवेअरच तपासण्याचे आयएसओ मानक आले. ज्यांनी ही यंत्रे बनवली ते शंका घेतात, आपला शेठ घेत नाही!

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नवे सॉफ्टवेअर खोटे बोलत नव्हते. सरासरी वर्तुळही खरेच आहे. त्या भोकात शाफ्ट बसवायचा असेल तर मावणारे वर्तुळ जास्त उपयोगाचे, एवढेच. कोणते घ्यायचे हा माणसाने घ्यायचा निर्णय आहे, आणि तो न घेताच सगळे पुढे गेले.

आम्ही शेठला भेटलो. भांडायला नाही, कागद घेऊन. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात लिहिले होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही लिहिले आहे की नुकसानीपोटी पगार कापायचा तर नुकसान कामगाराच्या हलगर्जीने झालेले हवे, आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडू द्यावी लागते. इथे कुणी विचारलेच नव्हते. मग मुलाने शेठसमोर दहा रिजेक्ट जॉब गेजवर तपासून दाखवले. भाच्याने सेटिंग बदलली, तेच दहा जॉब हिरवे झाले. शेठ बराच वेळ स्क्रीनकडे पाहत होते. चहा मागवला.

गिऱ्हाईक कंपनीच्या इंजिनियरने फोनवर सांगितले की गेज पास होत असेल तर माल पाठवा. रिजेक्ट म्हणून बाजूला ठेवलेला सगळा माल टेम्पोत भरून गेला आणि त्याचे पैसेही आले. कापलेल्या चार दिवसांपैकी दोन दिवसांचा पगार मुलाला परत मिळाला. उरलेल्या दोन दिवसांसाठी आमचा लेखी अर्ज कंत्राटदाराकडे पडून आहे, कारण शेठ म्हणतात तो कंत्राटदाराचा विषय आणि कंत्राटदार म्हणतो तो शेठचा. पासवर्ड अजून भाच्याकडेच आहे. मुलाने आता एक वही केली आहे. रोज सकाळी एकच ठेवलेला जॉब आधी गेजवर, मग मशीनवर मोजतो, आकडा आणि तारीख लिहितो, आणि खाली भाच्याची सही घेतो.