क्लचखालचा एवढासा स्विच

मोटरसायकलच्या वायरिंगमध्ये एवढी गंमत भरलेली असते, हे आजवर मला कुणीच कसं सांगितलं नाही!

रात्रभर पाऊस झोडपून गेला आणि सकाळी गाडी सेल्फ घेईना. किक नाहीच. शेजारच्या काकांनी निकाल दिला, "बॅटरी गेली!" पण हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, मीटर लावला तर 12.6 व्होल्ट. बॅटरी ठणठणीत! चावी फिरवून कान दिला, तर टाकीतून घुंऽऽ असा आवाज. तो पेट्रोल पंपाचा. किल स्विच बंद असेल तर माझ्या गाडीत तो येतच नाही. म्हणजे एक स्क्रूसुद्धा न उघडता चावीचा स्विच आणि किल स्विच, दोघेही निर्दोष सुटले!

मग रिले. सेल्फच्या बटणातून स्टार्टर मोटरला करंट जातच नाही मुळी! तेवढा करंट त्या नाजूक बटणाला झेपणारच नाही. बटण फक्त रिलेला जागं करतं. रिले 'टक्' करून जाड वायरीतून बॅटरी मोटरला जोडतो. माझ्याकडे तर टक्सुद्धा नाही. म्हणजे दुखणं बारीक वायरींच्या बाजूला, आणि तिथे हे पहारेकरी बसलेले: न्यूट्रल, साइड स्टँड, क्लच. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला, स्टँड वर. उरला क्लच, कारण माझी गाडी न्यूट्रलमध्येही क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाही.

लिव्हरच्या बुडाशी नखाएवढा स्विच, त्याला दोन वायरी. कपलर काढला, मीटर बझरवर ठेवला, क्लच दाबला. शांत. स्विचची दांडी बोटाने दाबली, अर्ध्यातच अडकली, चिखलाने. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, दाब-सोड, दाब-सोड, आणि टीं! पुन्हा दाबलं, टीं! सोडलं की गप्प! कपलर जोडून बटण दाबलं: टक्, खर्रर्र, आणि गाडी चालू! अहो, मी रस्त्यात ओरडलो!

अशा वेळी दोन वायरी पिळून 'डायरेक्ट' करून देतात. तपासण्यापुरतं ठीक. पण साइड स्टँडचा स्विच कायमचा डायरेक्ट करून घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. स्टँड खाली राहिला आणि डावं वळण आलं, तर तो रस्त्याला टेकतो आणि गाडी आडवी होते.

आणि बहिणीची स्कूटर! ती ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाही, आणि मागचा ब्रेकलाइटही त्याच स्विचवर! म्हणजे ती अडली की आधी ब्रेक दाबून मागे भिंतीवर लाल उजेड पडतो का बघायचं. एका लिव्हरने पडत नसेल तर दुसरा दाबून बघायचा. मीटरसुद्धा नको!