पाकिटावरची वेळ

लॉगमधला लॉग बाहेर काढणं हे काही मोठं शास्त्र नाही. बाहेरचा जेसन फोडायचा, आतल्या ओळीतले बॅकस्लॅश निस्तरायचे, फील्ड वेगळी करायची आणि नव्या इंडेक्समध्ये भरायची. क्लाउडवॉचसारखी एकाच पाकिटात ओळींची चळत आली, तर ती आधी लॉगस्टॅशमध्ये सुटी करावी लागते, कारण इलॅस्टिकसर्चची इन्जेस्ट पाइपलाइन एका डॉक्युमेंटची अनेक करत नाही. कटकट आहे, पण सुटते. मला आयुष्यभर छळलंय ते वेळेनं.

आमच्याकडे राउटर-फायरवॉलचे सिसलॉग एका रिलेवर येतात. तो प्रत्येक ओळ जेसनमध्ये गुंडाळतो आणि वर आपली, म्हणजे ओळ हातात पडल्याची, वेळ यूटीसीत टाकतो. आतली ओळ जुन्या वळणाची: महिना, दिवस, तास-मिनिट-सेकंद. वर्ष नाही, टाइमझोन नाही. २००९ च्या आरएफसी ५४२४ नं दोन्हीची सोय केली, तरी कित्येक उपकरणं अजून जुन्याच भाषेत बोलतात आणि त्यांचे विक्रेते नव्या मॉडेलची पत्रकं वाटत फिरतात.

एक ओळ बघा. आत, भारतीय वेळेनुसार, ‘जाने १ ००:००:०२’. पाकिटावर ‘३१ डिसेंबर २०२४, १८:३०:०२ यूटीसी’. क्षण एकच. पण वर्ष पाकिटावरून उचललंत, तर ओळ थेट २०२४ च्या जानेवारीत जाऊन बसते. बरं, पाकिटाची वेळ आधी भारतीय करून घेतली तरी उलटा पेच उरतोच: आत ३१ डिसेंबर आणि रिलेला ओळ मिळाली १ तारखेला. म्हणून मी तीन वर्षं लावून बघतो: पाकिटावरचं, आदलं आणि पुढचं. पाकिटाच्या सर्वांत जवळ पडेल ते खरं. २९ फेब्रुवारीला त्यातली निदान दोन वर्षं तारीख म्हणूनच नापास होतात, ते वेगळं. वर टाइमझोन विसरलात, तर डेट प्रोसेसर ओळ यूटीसीच समजतो आणि ती साडेपाच तास भविष्यात जाते.

या तीन वर्षांच्या युक्तीचा मला गर्व आहे, उगाच विनय कशाला. रीइंडेक्स झाला की पाकीट फेकून द्यायचं आणि एकच, स्वच्छ वेळ ठेवायची, यात मला कारागिरी वाटायची. डॅशबोर्ड रंगवणाऱ्यांना ती कधी दिसली नाही. आता तर सगळे लॉग एखाद्या मॉडेलपुढे ओतून ‘काय बिघडलं ते सांग’ म्हणणारी मंडळी आहेत. मॉडेल सांगतंही, अगदी छान इंग्रजीत. त्याला दिलेली ओळ कुठल्या वर्षाची, हे विचारायचं कुणी?

गेल्या वर्षी टीममध्ये आलेल्या मुलीनं माझी पाइपलाइन वाचली आणि म्हणाली, “सर, वर्ष पाकिटाकडून उसनं घेता आणि मग त्यालाच हाकलता?” ओपनटेलिमेट्रीच्या लॉग मॉडेलमध्ये घटनेची वेळ आणि नोंद मिळाल्याची वेळ अशी दोन वेगळी फील्ड आहेत, हे मला माहीत होतं. मला तो भित्रेपणा वाटायचा. तिनं दोन्ही वेळा ठेवल्या आणि त्यांच्या वजाबाकीचं तिसरं फील्ड केलं. त्या वजाबाकीत लिंक तुटलेला एक अख्खा तास डोंगरासारखा उभा राहिला: ओळी वेगवेगळ्या मिनिटांच्या, पोचल्या मात्र एकदम. माझ्या स्वच्छ इंडेक्सात तो तास अगदी शहाण्यासारखा दिसायचा.

मुख्य टाइमस्टॅम्प कुठला, यावर मात्र आमचं जुळत नाही. तिचं म्हणणं, पाकिटावरचा. अलर्ट शेवटची पाच मिनिटं तपासतो. आतली वेळ धरली, तर चाळीस मिनिटं उशिरा आलेली ओळ तपासून झालेल्या खिडकीत पडते आणि कुणालाच दिसत नाही. बरोबर आहे. पण रात्री तीनला कुठलं यंत्र आधी पडलं हे शोधायला बसलं, की पाकिटं सगळी एकाच मिनिटाची निघतात. तेव्हा आतलीच वेळ लागते. सध्या अलर्ट तिच्या वेळेवर चालतात, शोध माझ्या. डॅशबोर्डचं अजून ठरायचंय, आणि तिथं मी हटणार नाही. साहेबलोक तेवढाच बघतात.