हाताला जाणवणारा ओढा

16 एप्रिल 2025 रोजी मुंबईहून आलेलं एटीआर विमान बेलोरा विमानतळावर उतरलं आणि अमरावतीची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. मी उड्डाण शिकवणारा माणूस. माझं लक्ष त्याच विमानतळावर एअर इंडियाने जाहीर केलेल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेकडे आहे. तिच्यासाठी एका इंजिनाची 31 पायपर आणि दोन इंजिनांची 3 डायमंड विमानं मागवली गेली. तिथल्या मुलांच्या हाताला आधी ट्रिमची शिस्त लागावी, असं मला मनापासून वाटतं.

ट्रिमचं चाक फिरवलं की योकवरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या दांड्यावरचा, दाब जातो. विद्यार्थ्याला वाटतं, नाक जागेवर बसलं. विमानाने मात्र एक वेग धरलेला असतो. हात सोडला तरी ते त्याच वेगाकडे येऊ बघतं. वेग त्याखाली घसरला की योक मागे ओढून धरावं लागतं. हा ओढा म्हणजे स्टॉल (पंखांची उचल ढासळणं) जवळ येत असल्याची खबर. दमलेला विद्यार्थी चाक मागे फिरवून ओढा घालवतो, आणि खबरही बंद होते. अशात गो-अराउंडसाठी, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाण्यासाठी, पूर्ण थ्रॉटल दिला तर नाक उसळतं, आणि ते खाली आणायला दोन्ही हातांचा जोर लागतो.

मोठ्या विमानांनाही हे चुकलेलं नाही. 27 नोव्हेंबर 2008 रोजी फ्रान्समध्ये पर्पिन्यांजवळ एका एअरबस ए320ची कमी वेगाची चाचणी चालली होती. समोरून येणाऱ्या हवेशी पंखांचा कोन मोजणारे दोन सेन्सर पाणी गोठून अडकले होते. स्वयंचलित ट्रिम नाक वर करण्याच्या टोकाला गेलं, वैमानिकांनी ते हाताने पुढे आणलं नाही. विमान समुद्रात कोसळलं, सातही जण गेले.

आमच्या वऱ्हाडात उन्हाची भर. अकोल्याचं शिवणी विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर आहे. पारा 44 अंशांवर गेला की तिथली हवा जवळपास 4,700 फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. साध्या इंजिनाचा जोर घटतो, चढण मंदावते. नुसत्या थ्रॉटलने वेग परत येईल या भरवशावर तिथे राहू नये. नाक खाली घ्यावंच लागतं.

बेलोऱ्याला शिकायला येणाऱ्या मुलामुलींनो, अप्रोचच्या, म्हणजे उतरायला येतानाच्या, वेगाखाली ट्रिम करू नका. हात भरून आला तरी चालेल. गो-अराउंडला नाक आवरून धरा आणि लगेच चाक पुढे फिरवा.