पाण्यापासून पात्याकडे

दाढीच्या सामानाच्या दुकानात नजर पहिल्यांदा रेझरवर जाते. काचेच्या कपाटात, दिव्याखाली तो मांडलेला असतो. मुठीवर बारीक नक्षी, अंगावर क्रोमचा मुलामा, आणि हातात घेतला तर वाटला होता त्यापेक्षा जड. नवखा माणूस तिथेच थांबतो. निवडायची वस्तू हीच, अशी त्याची समजूत होते. मला वाटतं, निवड दुसऱ्या टोकाकडून करावी. गालाला आधी पाणी भेटतं, मग ब्रश आणि फेस, आणि पोलाद अगदी शेवटी. ज्या क्रमाने या वस्तू गालाला भेटतात, त्याच क्रमाने त्या घरात याव्यात.

पाण्याचा विचार सहसा कुणी करत नाही. नळ सोडला की ते येतं, एवढंच. पण दाढीचा कोरडा केस मोठा चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की तो पाणी पितो, फुगतो, नरम पडतो आणि त्याला कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. पात्याचं अर्धं काम पाण्याने आधीच केलेलं असतं. म्हणून आंघोळ आटोपल्यावर दाढी करावी, किंवा गरम पाण्यात पिळलेला पंचा गालावर थोडा वेळ धरून ठेवावा. या दोन-तीन मिनिटांना पैसे पडत नाहीत, आणि कुठलाही महाग रेझर त्यांची जागा घेऊ शकत नाही.

माझा भाचा शिकायला लातूरला गेला. जाताना दाढीचं सामान त्याने हौसेने घेतलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला.

“मामा, फेस धरतच नाहीये रे. घरी येत होता तसा येत नाही. क्रीम नकली निघालं का?”

“पाणी कुठलं घेतोस?”

“इथलंच, बोअरचं.”

क्रीम चांगलंच होतं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण त्यांच्याशी जोडला जातो, त्याचा न विरघळणारा पांढरट साका होतो आणि फेसासाठी साबण उरतच नाही. वसतिगृहाच्या बादलीवर जो चरचरीत थर बसतो तो यातलाच. पाणी उकळून जडपणाचा एक भाग जातो, सगळा जात नाही. मी त्याला म्हटलं, “अरे, प्यायला जार येतो ना तुमच्याकडे? त्यातलं फुलपात्रभर घे, कोमट कर, आणि फेसापुरतं तेच वापर. तोंड धुवायला बोअरचं चालेल.” दुसऱ्या दिवशी त्याने फेसाने भरलेल्या वाटीचा फोटो पाठवला.

ज्या लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या गावात बसून दाढीसाठी पाणी मोजून घ्यायला शिकणं मला योग्यच वाटतं. या पद्धतीला नळ वाहता ठेवावा लागत नाही. एका मगात रेझर बुडवून हलवायचा, दुसऱ्यात ब्रश भिजवायचा, एवढ्यात काम होतं. दाढी करताना बेसिनचा नळ सोडून ठेवणाऱ्या माणसाचा मला खरोखर राग येतो.

साबणाचं म्हणाल तर अंगाचा साबण गालाला लावू नये. त्याचा फेस चटकन फुलतो आणि तितक्याच चटकन वाळतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. शिवाय त्यात पोटॅशियमचा साबण असतो. तो सोडियमच्या साबणापेक्षा मऊ, पाण्यात लवकर मिसळणारा. वाटीतली गोल वडी सुंदर दिसते, वर्ष-वर्ष पुरते, आणि तिच्यावर ब्रश फिरवण्याचं सुख वेगळंच आहे. तरी नवख्याने आधी ट्यूबमधलं क्रीम घ्यावं. वडीतून नेमका किती साबण उचलला गेला हे हाताला कळायला वेळ लागतो. क्रीम नखाएवढं काढलं की माप ठरलं. किराणा दुकानात मिळणारं साधं क्रीम यासाठी पुरेसं आहे. डब्यातून फसकन बाहेर येणारा तयार फेस मात्र घेऊ नये. त्याला आपण पाणी पाजत नाही, आणि या साऱ्या खटाटोपातलं शिकण्यासारखं काम तर तेच आहे. वाटीत थेंब-थेंब पाणी घालत ब्रश फिरवत राहायचं. आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक होत जातात, आणि एका क्षणी फेस घट्ट लागलेल्या दह्यासारखा चकाकू लागतो. त्या चकाकीत पाणी असतं. ती आली नाही तर आणखी थेंब घालावेत. बहुतेक नवखे फेस कोरडाच ठेवतात. गालावर तो ढगासारखा भरगच्च दिसतो, पण पातं त्यावरून घसरत नाही, अडतं.

ब्रशाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: पहिला ब्रश कृत्रिम तंतूंचा असावा. बॅजरच्या केसांच्या ब्रशाचं कौतुक जुन्या शौकिनांकडून मी खूप ऐकलं आहे, आणि ते खोटं नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि गालाला ऊब देतो. डुकराच्या राठ केसांचा ब्रश स्वस्त असतो. तो आधी भिजत ठेवावा लागतो, आणि वापरता वापरता त्याची टोकं फाटत जाऊन मऊ होतात. पण आपल्याकडच्या पावसाळ्याचं काय? रत्नागिरीला, मुंबईला जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचा रुमाल दोन दिवस वाळत नाही. तिथे खऱ्या केसांचा दाट ब्रश आतून ओलाच राहतो आणि त्याला कुबट वास धरतो. कृत्रिम तंतू झटकले की वाळतात. शिवाय अनेक घरांत डुकराचा केस चालत नाही, कुणाला कुठल्याच प्राण्याचा केस नको असतो, आणि त्या भावनेचा मान ठेवावा. प्राण्यांच्या केसांचा एक भीषण इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे ब्रश विकले गेले आणि त्यांतून माणसांना अँथ्रॅक्स झाला, काही दगावलेही. आज ती भीती उरलेली नाही. मात्र जी वस्तू रोज उघड्या त्वचेवर घासायची, ती कशाची आहे हे विचारण्याचा हक्क तेव्हापासून ग्राहकाने सोडू नये.

आता रेझर. इथे थोडं मागे जावंसं वाटतं, कारण आपल्याकडे दाढी ही फार काळ दुसऱ्याच्या हाताने होणारी गोष्ट होती. गावचा नाभिक धोकटी घेऊन यायचा, ओट्यावर किंवा झाडाखाली बसायचा. गिऱ्हाइकाने समोर उकिडवं बसायचं आणि आपला आरसा आपणच धरायचा. पट्ट्यावर चाटवलेला वस्तरा उजव्या हातात, पण मला नेहमी त्याच्या डाव्या हाताचं नवल वाटत आलं आहे. अंगठ्याने तो कानशिलाजवळची कातडी वर ओढायचा, जिवणीच्या कोपऱ्याशी गाल ताणायचा, हनुवटीखाली बोट फिरवून केस कुठे वळतो ते चाचपायचा. हे ज्ञान त्या बोटांत होतं. स्वतःची दाढी स्वतः करायची तर ते ज्ञान आपल्या बोटांत यायला हवं, आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. पॅरिसमध्ये सुऱ्या आणि वस्तरे घडवणाऱ्या झां-झाक पेरे यांनी १७६९ साली खास याच विषयावर, म्हणजे स्वतःची दाढी स्वतः करायला कसं शिकावं यावर, पुस्तक लिहिलं. वस्तऱ्याला लाकडी आड लावून पातं खोल जाणार नाही अशी सोयही त्यांनी केली होती. नवख्याच्या गालाची काळजी इतकी जुनी आहे.

त्या आडाची पुढची गोष्ट अमेरिकेतली. किंग कॅम्प जिलेट यांच्या मनात धार लावत बसावी लागणार नाही असं पातळ पत्र्याचं पातं घोळत होतं. इतक्या पातळ पोलादाला धार टिकेल इतका कडकपणा द्यायचा कसा, हा पेच विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवला. १९०३ साली कंपनीचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ साली पेटंट मिळालं, आणि महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या पिशवीत हा रेझर पोचल्यावर घरोघरी गेला. वर टोपी, खाली दातेरी किंवा सरळ कडेची पट्टी, मध्ये किंचित वाकवलेलं पातं: ही रचना आजही तीच आहे.

नवख्याने तीन भागांत सुटणारा, सरळ कडेचा, मवाळ रेझर घ्यावा. मवाळ म्हणजे ज्यात पात्याची धार फारशी बाहेर डोकावत नाही असा. तीन भाग सुटले की साबणाचा साका धुऊन निघतो, आणि बिघडण्यासारखं त्यात काही उरत नाही. मूठ फिरवली की वरची दोन दारं उघडतात तो प्रकार देखणा आहे, पण त्याच्या सांध्यांत घाण बसते. जर्मनीत बनलेले मर्कुर किंवा म्यूलं यांचे रेझर उत्तम असतात. आपल्याकडे बनलेला, खिशाला परवडणारा धातूचा रेझरही शिकायला पुरतो. वजन मात्र असावं, सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या आसपास. कारण हाताने दाबायचंच नाही. पात्याचा कोन गालाशी साधारण तीस अंशांचा ठेवायचा आणि रेझरला त्याच्या स्वतःच्या भाराने उतरू द्यायचं. काडतुसाच्या प्लास्टिक रेझरची सवय झालेल्या हाताला दाबायची खोड असते. ती जायला वेळ लागतो, आणि तो वेळ हाताला द्यावा.

पहिला हात केसाच्या वाढीच्या दिशेने, सुलटा. सुरुवातीचे काही महिने तेवढाच. सलूनमध्ये खुर्चीत रेलल्यावर “उलटी मारू का?” असं विचारतात, आणि आपण मान हलवतो, पण तिथे मारणारा हात सरावलेला असतो. घरच्या आरशासमोर उलट्या हाताची घाई केली की गळ्यावर लाल पुरळ उठतं, केस कातडीच्या आत वळतात. गळ्यावर केस एका दिशेने वाढतही नाहीत. कुठे खाली, कुठे आडवे, कंठाच्या बाजूला तर भोवऱ्यासारखे. दोन दिवस दाढी वाढू द्यावी आणि डोळे मिटून बोटं फिरवावीत. ज्या बाजूने खरखर जास्त, ती उलट दिशा. हा नकाशा प्रत्येकाचा वेगळा असतो.

म्हणूनच पातं शेवटी. ही सगळ्यांत स्वस्त वस्तू, आणि निवडायला सगळ्यांत अवघड. जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर. टोपाझ, सेव्हन ओ क्लॉक, ठाण्याचं सुपर-मॅक्स, जपानचं फेदर: नावं पुष्कळ. फेदर अतिशय तीक्ष्ण, शिकाऊ हाताला ते क्षमा करत नाही. बाकीच्यांतलं कुणाचं कोणतं हे गालच ठरवतो. मित्राला लोण्यासारखं वाटणारं पातं तुमच्या गळ्यावर ओरखडे काढू शकतं, आणि त्यात ना मित्र खोटा ना पातं वाईट. वेगवेगळ्या पात्यांची लहान पाकिटं आणावीत. पण पातं बदलताना साबण, रेझर, पाणी काहीही बदलू नये. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर गालाने काय सांगितलं ते कळतच नाही.

पातं बोथट होतं याचं मला मोठं आश्चर्य वाटे. केस तो काय, आणि पोलाद ते काय! एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’मध्ये याचं उत्तर छापलं. केस पात्याच्या पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ. तरीही कापला जाताना तो वाकतो, आणि पोलादाची अंतर्गत रचना जिथे एकसारखी नसते अशा ठिकाणी धारेच्या कडेचा सूक्ष्म कपचा उडवतो. मऊ गोष्ट कठीण गोष्टीला हळूहळू उतरवते. म्हणून चार-पाच दाढ्या झाल्या की पातं बदलावं, आणि ते कधीही पंच्याने पुसू नये. त्यात धारही जाते आणि बोटही कापतं.

शेवटी तुरटी. काष्ठौषधीच्या दुकानात तिचा खडा काही रुपयांत मिळतो. दाढीनंतर ओल्या गालावर फिरवायची, क्षणभर थांबायचं, धुऊन टाकायची. बारीक रक्त ती थांबवते. पण नवख्यासाठी तिचं मोल दुसरंच आहे. ती जिथे झोंबते, तिथे आज हात दाबला गेला होता. जबड्याच्या कडेला झोंबली की उद्या तिथे हात हलका. इतका प्रामाणिक शिक्षक मला दुसरा ठाऊक नाही.

भाचा दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत जुनी पाती कागदात गुंडाळलेली होती. “यांचं काय करायचं, मामा?” असं त्याने विचारलं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला, कारण हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. पुण्यात आमच्या गल्लीत कचरा गोळा करायला ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात. त्या हाताने कचरा निवडतात. आपण बेफिकीरपणे टाकलेलं पातं ओल्या कचऱ्यातून थेट त्यांच्या बोटांत जातं. आपल्या गालासाठी पाणी, फेस, कोन, वजन असा इतका विचार केला, तर त्यांच्या तळहाताचा का नाही? पावडरीचा रिकामा पत्र्याचा डबा होता. त्याच्या झाकणाला छिन्नीने पातं सरकेल एवढी चीर पाडली. झाकण चिकटपट्टीने घट्ट बंद केलं आणि वर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं: वापरलेली पाती, उघडू नये. हा डबा भरायला वर्षं लागतील. भरला की आमच्या ताईंच्या हातात सांगून द्यायचा, असं आमचं ठरलं आहे. भाच्याने लातूरला नेण्यासाठी तसाच एक दुसरा डबा करून घेतला.