झाडाच्या मुळाशी ठेवलेलं आमंत्रण

पहिला डबा सापडायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. रेडिंगपासून अर्ध्या तासावरच्या चिल्टर्न टेकड्यांमधलं बीचचं जंगल, नोव्हेंबरातला रविवार आणि पायाखाली भिजलेल्या तांबूस पानांचा जाड थर. फोनवरचा बाण सांगत होता, सहा मीटरवर आहात. दोन पावलं टाकली की म्हणे अकरा मीटर. दाट झाडीत सिग्नल असाच भरकटतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नवरा कुंपणाचे खांब चाचपत होता, मी एका पडलेल्या ओंडक्याभोवती तिसरी फेरी मारत होते. आठ वर्षांची लेक मात्र एका म्हाताऱ्या बीचसमोर उकिडवी बसली होती. तिथल्या मुळांच्या बेचक्यात दहा-बारा काटक्या एकमेकींना लागून सरळ रांगेत पडल्या होत्या.

"आई, काटक्या आपोआप अशा पडत नाहीत."

काटक्या बाजूला केल्या तर आत झाकणाला चार कड्या असलेला प्लास्टिकचा डबा, हिरव्या-करड्या चिकटपट्टीने गुंडाळलेला. डब्यात झिपच्या पिशवीत एक वही, पेन्सिलचं थोटूक, इवलासा डायनासोर, एक नाणं आणि दोन गोट्या. वहीत पानोपानी नावं आणि तारखा. लेकीने आपलं नाव देवनागरीत लिहिलं. डायनासोर घेतला आणि खिशातला गणपतीपुळ्याचा शिंपला त्याच्या जागी ठेवला. काही घेतलंत तर निदान तेवढ्याच मोलाचं काही ठेवा, असा या खेळाचा रिवाज आहे.

हा खेळ म्हणजे जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांसाठी खुले करतो आणि बाकीच्यांनी फोन किंवा जीपीएस घेऊन तो शोधायचा. सापडला की वहीत नाव लिहायचं आणि होता तसा परत लपवायचा. बक्षीस नाही, स्पर्धा नाही.

त्या दिवशी माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. डबा लपवणाऱ्याने जागेच्या माहितीखाली दोन ओळी लिहिल्या होत्या: लहानपणी मी याच झाडांमध्ये खेळलो, डबा मिळाला की तसेच मागे फिरू नका, अजून तीसेक पावलं पुढे जा. आम्ही गेलो. झाडी एकदम संपली आणि खाली थेम्सचं सगळं खोरं उघडं पडलं. धुक्यातून वर आलेला एका चर्चचा मनोरा, आणि नदी जिथे वळते तिथे चमकणारं पाणी.

तोवर इंग्लंडमध्ये येऊन आम्हाला पाच वर्षं झाली होती. या देशातलं आम्हाला काय माहीत होतं? स्टेशन, ऑफिस, सुपरमार्केट, मोटरवे. शेजारी सभ्य, रोज हसून बोलणारे, पण दार उघडून आत या म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. आणि इथे एका माणसाने, ज्याला आम्ही कधी पाहिलंही नव्हतं, बोट धरून त्याच्या सगळ्यात लाडक्या जागी आम्हाला नेलं होतं. घरी परतताना वाटलं, या देशात आज पहिल्यांदा कुणाकडे तरी पाहुणे म्हणून जाऊन आलो.

या खेळाचा जन्म अमेरिकेतला. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक तिथल्या सरकारने मे २००० मध्ये काढून टाकली. जी जागा पूर्वी शंभर मीटरच्या घोळात असायची ती एका रात्रीत दहा-वीस मीटरच्या आत आली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगॉन राज्यातल्या एका रानात काही वस्तूंनी भरलेली बादली ठेवली आणि तिचा ठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. पण इंग्लंडच्या मातीत हे बी फार आधीच पडलेलं होतं. डेव्हन परगण्यातल्या डार्टमूरच्या ओसाड माळरानावर जेम्स पेरट नावाचा वाटाड्या होता. क्रॅनमियर पूल या दलदलीच्या, गाठायला अवघड जागी त्याने १८५४ मध्ये एक बाटली ठेवली. तिथवर पोहोचणाऱ्याने आपलं कार्ड तिच्यात टाकायचं. त्यातूनच लेटरबॉक्सिंग हा छंद रुजला. डार्टमूरवर दगडांच्या कपारींत वही आणि रबरी शिक्का ठेवलेले डबे लोक आजही शोधत फिरतात.

पहिल्या डब्यानंतर आमचे रविवार बदलले. आठवडाभर लेक नकाशावर हिरवे ठिपके न्याहाळायची. शोधायला किती कठीण आणि वाट किती खडतर, याला एक ते पाच असे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. डबे नाना आकारांचे: करंगळीच्या नखाएवढी लोहचुंबकी डबी, फोटोच्या जुन्या रोलची डबी, सैन्यातली काडतुसांची पत्र्याची पेटी. या डब्यांमागे जायचं म्हणजे पायवाटा धरणं आलं, आणि इंग्लंडच्या पायवाटा ही मोठी दौलत आहे. खाजगी शेतातून, कुणाच्या अंगणाच्या कडेने, मेंढ्यांच्या कुरणातून वाट जाते आणि तिच्यावरून चालायचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. खांबावर पिवळा बाण दिसला की निःशंक चालू लागायचं. कुंपणाच्या लाकडी पायऱ्या चढून पलीकडे उतरायचं. फाटक जसं होतं तसंच लावून घ्यायचं. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात, आणि आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर त्यातली एक सुरू होत होती. पाच वर्षांत तिच्यावर आमचं एकदाही पाऊल पडलं नव्हतं.

शोधायची सवय लागली की नजर बदलते. वाटेवरचे खांब, दगडी भिंतीतल्या फटी, आयव्हीखाली दडलेला बुंधा, सगळीकडे डोळे थांबू लागतात. काही डब्यांचा नेमका ठिकाणा कोडं सोडवल्याशिवाय मिळत नाही. एका खेड्यात चर्चसमोरच्या युद्धस्मारकावरची नावं मोजून त्यातून आकडे काढायचे होते. लेक मोठ्याने वाचत होती, मी वहीत टिपत होते. मध्येच ती थांबली. "आई, हे आडनाव तीनदा आलंय." पहिल्या महायुद्धात त्या एवढ्याशा गावातल्या एकाच आडनावाची तीन मुलं गेली होती. आम्ही दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिलो. आकडे मिळाले, डबाही मिळाला, पण त्या गावाची आठवण काढली की मला ते आडनावच आठवतं.

एकदा एका बांधावर हात घालताना लेकीला नेटलच्या रोपाचा डंख बसला. मनगटभर लाल गांध्या उठल्या, ती रडवेली झाली. कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजींनी जवळच उगवलेलं डॉकचं रुंद पान तोडून तिच्या मनगटावर चोळलं आणि विचारलं, "तुम्ही डबा शोधताय ना? जरा डावीकडे बघा." या खेळातले लोक बाहेरच्यांना मगल म्हणतात, हॅरी पॉटरच्या गोष्टींतून घेतलेला शब्द. मगल दिसले की बुटाची नाडी बांधायच्या मिषाने थांबायचं, कुणाला सुगावा लागू द्यायचा नाही, असं शिकवलेलं असतं. या आजी मात्र तो डबा कित्येक वर्षं सांभाळून होत्या. वादळात तो वाहून खाली आला की त्याच उचलून जागेवर ठेवत. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ते आपलं काम मानलं होतं.

मग एका जूनमध्ये माझे बाबा साताऱ्याहून आले. बाबा निवृत्त भूकरमापक. चौतीस वर्षं शंकू-साखळी आणि प्लेन टेबल घेऊन त्यांनी गावोगावच्या शिवारांची मोजणी केली. त्यांना आम्ही रिजवेवर नेलं. खडूच्या टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारी ही प्राचीन वाट आता १३९ किलोमीटरची राष्ट्रीय पायवाट आहे. व्हाइटहॉर्स हिलवर, ऑक्सफर्डशायरमधल्या सर्वांत उंच जागी, काँक्रीटचा एक चौकोनी, वर निमुळता होत गेलेला खांब आहे. सबंध ब्रिटनची नव्याने मोजणी करायला ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या नकाशा-संस्थेने १९३६ पासून असे साडेसहा हजारांच्या आसपास खांब उभारले. बाबांनी वाकून माथ्यावरच्या पितळी चकतीकडे पाहिलं, तिच्यातल्या तीन खाचांवरून बोट फिरवलं.

"थिओडोलाइटचे तीन पाय या खाचांत बसवायचे," ते म्हणाले. "इथून दिसणारे दोन खांब धरायचे, कोन मोजायचा. असा त्रिकोणाला त्रिकोण जोडत मुलूख बांधून काढायचा." मग लेकीच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवत म्हणाले, "तुझं हे यंत्र आकाशातल्या खुणा धरतं, एवढाच फरक."

टेकडीच्या उतारावर पांढरा घोडा आहे, ११० मीटर लांब, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. हिरवळीत चर खणून त्यात खडू ठोकून भरलेला. नुसता सोडून दिला तर गवत काही दशकांत त्याला गिळून टाकेल. आजही उन्हाळ्यात स्वयंसेवक हातोड्या घेऊन गुडघ्यांवर बसतात आणि नवा खडू ठोकतात. पिढ्यानपिढ्या कुणी ना कुणी हे करत आलं, म्हणून घोडा आहे.

तिथून दोनेक किलोमीटरवर, बीचच्या झाडांच्या कोंडाळ्यात, वेलँड्स स्मिदी ही पाच हजार वर्षांहून जुनी दफनभूमी आहे. तिची एक दंतकथा आहे. प्रवाशाच्या घोड्याचा नाल निखळला तर त्याने घोडा इथे बांधावा, दगडावर एक नाणं ठेवावं आणि निघून जावं. सकाळी येऊन पाहिलं की नाणं गेलेलं आणि घोड्याला नवा नाल ठोकलेला. वेलँड लोहार कधी कुणाच्या नजरेस पडत नसे.

"आणि कुणी नाणं न ठेवताच घोडा बांधला तर?" बाबांनी विचारलं.

"मग नाल नाही, आजोबा," लेक म्हणाली.

पुढे रिजवेच्या कडेला, हॉथॉर्नच्या झुडपात आम्हाला पत्र्याची एक पेटी मिळाली. बाबांनी चष्मा पुसला, वही मांडीवर घेतली आणि दफ्तरी अक्षरात पूर्ण नाव, गाव, तारीख लिहून खाली लिहिलं: भूकरमापक (निवृत्त). वही मिटून पिशवीत घातली, पिशवीतली हवा दाबून काढली, झिप दोनदा तपासली. "दस्त भिजता कामा नये," म्हणाले.

बाबा परत गेल्यावर लेकीने हट्ट धरला, आता आपला डबा ठेवायचा. नियम पाळायचे होते. जमीनमालकाची परवानगी हवी, दुसऱ्या डब्यापासून निदान १६१ मीटर अंतर हवं, जमीन खणायची नाही, खाण्याची वस्तू आत ठेवायची नाही, कारण वासाने जनावरं येतात. हे सगळं एक स्वयंसेवक तपासतो आणि मगच डबा जाहीर होतो. आम्ही निवडलेली जागा चिल्टर्नमधल्या एका शेताच्या बांधावर होती. जवळच एक जुनं बाकडं आणि वर घिरट्या घालणाऱ्या लाल घारी. ही घार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधून नाहीशी झाली होती. १९८९ पासून पाच-सहा वर्षं स्पेनहून पिल्लं आणून या टेकड्यांत सोडली. आता चिल्टर्नचं आकाश त्यांच्यावाचून ओळखूच येत नाही. परमुलखातून आणलेली, पण इथलीच झालेली. डब्याचं नाव आम्ही मराठीत ठेवलं: घार.

परवानगीसाठी शेतकऱ्याच्या दारावर थाप मारताना माझ्या छातीत धडधडत होतं. त्याने ऐकून घेतलं, फाटकं लावली जातील का एवढंच विचारलं, मग बूट चढवून स्वतः आमच्याबरोबर बांधावर आला. आम्ही निवडलेलं झाड त्याला पसंत पडलं नाही, तिकडे वसंतात वासरं असतात म्हणाला. पलीकडच्या ओकपाशी नेऊन त्याने बुंध्याशी असलेली कोरडी खोबण दाखवली. "लहानपणी मी इथे लपायचो," तो म्हणाला.

डबा ठेवून झाला की काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. यंदा फेब्रुवारीत, आठवडाभराच्या पावसानंतर, कुणीतरी कळवलं की वही ओली झाली आहे. आम्ही दोघी चिखल तुडवत गेलो. झाकणाची एक कडी तुटली होती. वहीची पानं एकमेकांना चिकटली होती, पण पेन्सिलची अक्षरं शाबूत होती. म्हणून तर डब्यात पेन ठेवत नाहीत. ओकखाली उभं राहून मी एकेक पान सोडवलं. नाव, तारीख, नाव, तारीख. मध्येच एका पानावर कुणी लिहिलं होतं: बाकड्यावर बसलो, पाऊस थांबेपर्यंत घारी पाहिल्या, आभार. सही वाचता आली नाही.

जुनी वही मी ओढणीत गुंडाळून घेतली. नव्या डब्यात कोरी वही, टोक केलेली पेन्सिल, नवी पिशवी. पिशवीतली हवा काढली, झिप दोनदा तपासली. डबा खोबणीत सरकवला आणि लेक काटक्या गोळा करून आणू लागली. आता ती बारा वर्षांची आहे. एकेक काटकी तिने दुसरीला लावून सरळ रांगेत ठेवली.

"जरा जास्तच नीट झाल्या," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. "कुणाला तरी दिसायला हव्यात ना."