चार इसा न् दोन

शेंद्र्यात जर्मन शिकतोय असं सांगितलं तर कुणी का म्हणून विचारत नाही. स्कोडाचा कारखाना इथं २००१ पासून आहे, कंपनी फोक्सवॅगन समूहातली, त्यामुळे जर्मनचं कारण ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. फ्रेंच म्हटलं की मात्र समोरचा डोळे बारीक करतो आणि विचारतो, "कॅनडा का?"

हो, कॅनडाच. एक्स्प्रेस एंट्रीत वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी अशा सगळ्याचे गुण धरतात. तिशी लागली की वयाचे गुण दरवर्षी उतरायला लागतात आणि मी अठ्ठावीसचा आहे. फ्रेंचच्या ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत सातवी पातळी गाठली आणि इंग्रजी ठीकठाक असली, की ५० गुण वर मिळतात. शिवाय २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्यांची गुणरेषा बरीच खाली असते. हिशेब सरळ आहे. घरातला हिशेब तेवढा सरळ नाही. वडील गेल्यापासून आम्ही तिघंच: आजी, आई आणि मी. आईला सगळं माहीत आहे. आजीला एवढंच माहीत आहे की हा कंपनीचा अभ्यास आहे.

अभ्यास रोज सकाळी पावणेसहा ते साडेसहा, गच्चीवर. क्लास पुण्या-मुंबईत. इथं मी, फोन आणि शेजारच्यांची पाण्याची मोटार. अँकी नावाच्या ॲपवर रोज ८ नवीन शब्द घेतो. या ॲपमागचं जुनं गणित पिओत्र वोझ्नियाक या पोलिश माणसानं १९८७ मध्ये मांडलं: शब्द आठवला की पुढची उजळणी साधारण अडीचपट दिवसांनी, विसरला की पुन्हा पहिल्यापासून. ८ शब्द म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दोन-तीन महिन्यांत रोजची उजळणी दहापट होते. मग एखाद्या रविवारी लोळत पडलं की सोमवारी दीडशे शब्द दारात उभे. आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायला बसवायचे, तेच हे. फरक इतकाच की चुकल्यावर पाठीत धपाटा बसत नाही. दुपारच्या सुट्टीत आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या ऐकतो. त्या फुकट आहेत आणि माझ्या मते बऱ्याच महागड्या कोर्सपेक्षा सरस आहेत.

एक तक्रार आहे. शिकवणारं जवळपास सगळं साहित्य इंग्रजीतून. फ्रेंचमध्ये टेबललाही लिंग असतं, हे तिथं असं सांगतात की वाचणाऱ्याला घेरी यावी. आपल्याकडे तर तीन लिंगं आहेत आणि तो कोड, ती फाईल, ते सॉफ्टवेअर हे आम्हाला कुठल्या कॉलेजनं शिकवलेलं नाही. चंद्र तिकडे स्त्रीलिंगी, एवढं लक्षात ठेवलं की झालं. 'त्यू' आणि 'वू' यांतला फरक समजवायला धडाच्या धडा. अरे, तू आणि तुम्ही! आणि 'ओं' हे सर्वनाम तर कहरच आहे. इंग्रजीतून सांगताना त्याचे चार अर्थ देतात: आम्ही, लोक, कुणीतरी, कुणीही. मराठीत एक शब्द पुरतो, आपण. "चला, निघूया आपण" यातला आणि "आपण असं पायात पाय घालून बसत नाही" यातलाही. मराठी माणसानं फ्रेंच इंग्रजीतून शिकणं हा निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे. म्हणून मी कार्डांवरचं इंग्रजी खोडून मराठी लिहिलं, तेव्हापासून गाडी पळायला लागली.

आकड्यांपाशी मात्र मराठीही मदतीला येईना. फ्रेंच लोक साठपर्यंत शहाण्यासारखे मोजतात. सत्तर म्हणजे साठ-दहा. ऐंशी म्हणजे 'कात्र-वँ', चार-वीस. नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाल्यांनी सत्तर आणि नव्वदला साधे शब्द ठेवले, पण मला जायचंय क्यूबेकच्या बाजूला आणि तिथं पॅरिससारखंच चालतं. गच्चीवर मी पुटपुटत होतो, चार-वीस-एक, चार-वीस-दोन, आणि अंगणातून आजी म्हणाली, "काय बडबडायलास रे? माझं वय काहून मोजायलास?"

आजीला कुणी वय विचारलं तर ती ब्याऐंशी म्हणत नाही. चार इसा न् दोन म्हणते. इसा म्हणजे वीस. जनावरं, भाकरी, आंबे, कडब्याच्या पेंढ्या, सगळं तिच्याकडे इशांत. तीन इसा साठ, पाच इसा शंभर. लहानपणापासून हे कानावर होतं, पण ते अडाणी मोजणं म्हणून मी बाजूला ठेवलेलं. बँकेच्या काउंटरवर तिनं वय असं सांगितलं की आई पटकन मधे पडून ब्याऐंशी म्हणायची. आणि इथं सात समुद्रापलीकडचं सरकार मला परीक्षेत तेच विचारणार होतं. कात्र-वँ-दो. चार इसा न् दोन. मी खाली जाऊन आजीला सांगितलं की फ्रान्समध्ये डॉक्टर-वकीलसुद्धा तुझ्यासारखंच मोजतात. पॅरिसात डोळ्यांचं एक जुनं इस्पितळ आहे, तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी काढलेलं. त्याचं नाव आजही 'केंझ-वँ', म्हणजे पंधरा-वीस. आजीनं क्षणभर बोटं मोजली. "पंधरा इसा. बराबर हाय. तीनशेच व्हतेत." तिला त्यात नवल काही वाटलं नाही.

उच्चारांचं म्हणाल तर घशातला फ्रेंच 'र' मला ऑफिसातल्या शहागंजच्या मित्रानं शिकवला. त्याला फ्रेंचचं एक अक्षर येत नाही. मी व्हिडिओ लावला, त्यानं ऐकला आणि म्हणाला, "अरे, ये तो ग़ैन है." ग़ालिबमधला, बाग़मधला. वली औरंगाबादीच्या शहरात हा आवाज साडेतीनशे वर्षं गल्लीबोळांत फिरतोय, मी तो यूट्यूबवर शोधत होतो.

न उच्चारली जाणारी अक्षरं ही दुसरी डोकेदुखी. मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात, तिन्हीचा उच्चार 'पार्ल', लिहिताना शेवट तीन वेगळे. काही स्वरांवर छोटी टोपी असते. ती टोपी म्हणजे पुष्कळदा गळून गेलेल्या 'एस'ची खूण. फ्रेंच अकादमीनं १७४० च्या शब्दकोशात असे शेकडो 'एस' काढले आणि जागेवर टोपी ठेवली. आमच्या घरातल्या जुन्या छापाच्या हरिविजयाच्या पोथीत घरीं, केलें, कोठें असे अनुस्वार आहेत. नाकातला तो उच्चार घाटावर केव्हाच गेला होता, कागदावर टिकून होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी तोही काढला. आपण टोपीसुद्धा ठेवली नाही. शाळेतल्या पोरांच्या दृष्टीनं ते बरंच झालं, पण पोथी वाचताना आजीचा सूर त्या अनुस्वारावर अजून किंचित नाकात जातो, ते आता मला ऐकू येतं.

गुणांशी काही संबंध नसलेलं पहिलं फ्रेंच वाचन मी ताव्हेर्नियेचं केलं. झाँ-बातिस्त ताव्हेर्निये, हिऱ्यांचा व्यापारी. त्याचं प्रवासाचं पुस्तक १६७६ मध्ये पॅरिसला छापलं आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या साइटवर जुनं फ्रेंच साहित्य फुकट वाचता येतं. आपल्याकडे फ्रेंच बरेच येऊन गेले. तेवनो वेरूळची लेणी पाहून गेला, ब्युसी १७५१ मध्ये सलाबतजंगाबरोबर फौज घेऊन औरंगाबादेत उतरला. पण ताव्हेर्निये मला जवळचा वाटतो, कारण तो गाड्या मोजतो. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना त्याला बीबी का मकबऱ्यासाठी संगमरवर नेणाऱ्या तीनशेहून जास्त गाड्या दिसल्या, सगळ्यांत लहान गाडीलाही बारा बैल. ते वाक्य कळायला मला दोन सकाळी लागल्या. त्या जुन्या छापात गळायचे 'एस' अजून शाबूत आहेत. आणि बैल! एक बैल असला तर 'बफ', बारा असले तर नुसतं 'बो'. संख्या वाढली की शेवटचं अक्षर मुकं होतं. पंधरा इसा गाड्या, असं मी आजीला सांगितलं. तिनं विचारलं, "चाऱ्याचं काय करत असतेल?" याचं उत्तर ताव्हेर्नियेकडे मला सापडलं नाही.

राहिलं बोलणं. तेफ परीक्षेत त्याचे दोन भाग असतात. पहिल्यात पाच मिनिटं अनोळखी माणसाला फोन केल्यासारखं करून माहिती काढायची, तिथं 'वू'. दुसऱ्यात दहा मिनिटं मित्राला एखादी गोष्ट करायला पटवायचं, तिथं 'त्यू'. मित्र म्हणजे परीक्षक, आणि त्यानं हरकती घ्यायच्या. ऑनलाइन असा मित्र तासावर मिळतो, पण माझ्या पगारात आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस मी आजीसमोर बसतो. तिला घरात तूच म्हणतो, म्हणजे सर्वनामाचाही प्रश्न नाही, आणि ती कशालाच हो म्हणत नाही.

परवा विषय निघाला, कामासाठी दुसऱ्या गावी राहायला जा म्हणून मित्राला पटवा. आजी मेथी निवडत होती. मी पगाराचं सांगितलं, ती "न्हाई" म्हणाली. मी हवेचं, मोकळ्या रस्त्यांचं, दवाखान्यांचं सांगितलं. "अंहं." मी म्हणालो की लोक जातात आणि परतही येतात, विमानं रोज असतात, फोनवर तोंड दिसतं. इथं ती काहीच म्हणाली नाही, म्हणून मी पुढे बोलत राहिलो. क्रियापदं बरोबर लागत होती, भविष्यकाळसुद्धा. फोनवरचा टायमर दहा मिनिटांना वाजला.

आजीनं काड्या सुपात सारल्या. "कानाडा तेवढं कळलं," ती म्हणाली. "तीनदा म्हन्लास. आता बाकीचं मराठीत सांग."