उम्म सलमा : प्रश्न विचारणारी श्रद्धा

आरंभीच्या इस्लामी इतिहासातील धर्मनिष्ठ स्त्रियांची चरित्रे वाचू लागले, की त्यांतील बहुतेकींची ओळख त्यांनी केलेल्या उपवासांवरून, रात्रीच्या प्रार्थनांवरून किंवा दानधर्मावरून करून दिलेली आढळते, आणि त्यामुळे एकीचे चरित्र दुसरीच्या नावावर खपून जावे इतके ते सारखे वाटू लागते. उम्म सलमा यांच्या बाबतीत मात्र असे होत नाही. त्यांचे मूळ नाव हिंद असे असून त्या मक्केतील कुरैश जमातीच्या मखजूम या श्रीमंत आणि प्रतिष्ठित कुळातील होत्या. ‘उम्म सलमा’ म्हणजे सलमाची आई; थोरल्या अपत्याच्या नावावरून आईबापांना संबोधण्याची जी अरबी रीत आहे, तिला ‘कुनिया’ म्हणतात. त्यांचे वडील अबू उमय्या इतके दानशूर होते, की त्यांच्यासोबत प्रवासाला निघणाऱ्यास शिधा बरोबर घ्यावा लागत नसे, असे सांगितले जाते. नव्या धर्माचा कडवा विरोधक अबू जहल आणि पुढे त्याच धर्माचा सेनापती म्हणून गाजलेला खालिद इब्न वलीद हे दोघेही त्यांचे चुलतभाऊ. अशा घरातील मुलीने पती अबू सलमा यांच्यासह अगदी पहिल्या काळात इस्लाम स्वीकारला, याचा अर्थ तिने स्वतःच्याच गोतावळ्याचा रोष ओढवून घेतला, हे उघड आहे.

छळ असह्य झाल्यावर सुमारे 615 साली जो छोटा समूह समुद्र ओलांडून अबिसिनियाच्या ख्रिस्ती राजाच्या, म्हणजे नजाशीच्या, आश्रयाला गेला, त्यात हे जोडपे होते. कुरैशांचे दूत निर्वासितांना परत मागण्यासाठी भेटवस्तू घेऊन तेथवर आले आणि जाफर इब्न अबी तालिब यांनी भर दरबारात आपल्या धर्माची बाजू मांडली, तो प्रसंग आज ज्या वृत्तांतामुळे तपशिलाने ठाऊक आहे, तो इब्न इसहाक या चरित्रकाराने उम्म सलमांच्याच साक्षीवर बेतलेला आहे. इब्न इसहाकचा ग्रंथ आठव्या शतकातला, आणि मधल्या काळात तो वृत्तांत तोंडोतोंडी आलेला. तेव्हा त्यातील शब्द न् शब्द प्रमाण धरता येत नाही, तरी परंपरेने या राजदरबारी घटनेची साक्षीदार म्हणून एका स्त्रीचे नाव टिकवून ठेवले, ही गोष्ट लहान नाही.

मक्केला परतल्यानंतर हे कुटुंब मदिनेला जाण्यासाठी निघाले, तेव्हा जे घडले ते त्यांच्याच कथनातून आलेले आहे. माहेरच्या लोकांनी वाट अडवून पतीला जाऊ दिले, पण आपली मुलगी त्याच्याबरोबर परमुलखात धाडण्यास नकार दिला. त्यावर चिडलेल्या सासरच्यांनी, आमच्या माणसापासून तुम्ही बायको हिरावली तर आमच्या वंशाचे मूल आम्ही तिच्यापाशी ठेवणार नाही, असे म्हणून लहानग्या सलमाला खेचून नेले, आणि त्या ओढाताणीत त्याचा हात निखळला. पुढे वर्षभर, किंवा जवळजवळ तितका काळ, त्या रोज मक्केबाहेरील अबतह या मोकळ्या जागी जाऊन संध्याकाळपर्यंत रडत बसत. या अश्रूंचा उल्लेख त्यांनी झाकलेला नाही, आणि त्याबद्दल संकोचही व्यक्त केलेला नाही; धीर म्हणजे न रडणे, ही समजूत नंतरच्या उपदेशकांची असावी.

अखेर एका नातलगाला दया आली, मूल परत मिळाले आणि त्या उंटावर बसून एकट्याच निघाल्या. मक्केजवळच्या तनईम येथे त्यांना उस्मान इब्न तल्हा भेटले, जे त्या वेळी मुसलमान झालेले नव्हते. सोबतीला कोणी नाही हे कळल्यावर त्यांनी उंटाची दोरी हाती घेतली आणि चारशे किलोमीटरहून अधिक लांबीची ती वाट चालत पार केली. मुक्काम आला की ते उंटाला बसवून दूर होत, त्या उतरल्या की उंट झाडाला बांधून स्वतः दुसऱ्या झाडाखाली जाऊन पडत, आणि निघण्याची वेळ झाली की खोगीर चढवून पुन्हा मागे सरत. मदिनेलगतचे कुबा गाव दिसल्यावर, तुझा पती येथे आहे, एवढे सांगून ते आल्या पावली मक्केला परतले. त्यांच्याहून सभ्य सोबती आपण पाहिला नाही, असे उम्म सलमा पुढे सांगत. ज्या समूहाने त्यांचे घर मोडले त्याच समूहातल्या एका परधर्मीय माणसाच्या सौजन्याची नोंद इतक्या बारकाव्याने ठेवणे, हा त्यांच्या धर्मनिष्ठेचाच भाग मानायला हवा.

उहुदच्या लढाईत (625) अबू सलमा जखमी झाले आणि ती जखम पुढे पुन्हा चिघळून त्यांचा मृत्यू ओढवला. संकटात सापडलेल्याने, ‘या दुःखाचे फळ दे आणि गेले त्याहून चांगले दे’ अशी प्रार्थना करावी, ही पैगंबरांची शिकवण पतीकडूनच त्यांच्यापर्यंत आलेली होती. त्यांनी ती प्रार्थना केली खरी, पण अबू सलमांहून चांगला कोण असणार, ही शंकाही मनात आली, आणि ती त्यांनी नंतर इतरांना सांगितली. पुढे स्वतः पैगंबरांकडून मागणी आली तेव्हाही त्यांनी तत्काळ होकार दिला नाही. आपले वय झाले आहे, आपला स्वभाव मत्सरी आहे आणि पदरी मुले आहेत, अशा तीन अडचणी त्यांनी मांडल्या व त्यांची उत्तरे मिळाल्यावरच विवाह झाला.

मदिनेतील त्यांचे आयुष्य प्रश्नांनी भरलेले दिसते. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेने आलेल्या नोंदी, यांच्या संग्रहांत त्यांच्या नावावर 378 नोंदी मोजल्या जातात, आणि त्यांतल्या कित्येक अगदी व्यवहारातल्या आहेत. उदाहरणार्थ, केस घट्ट वेणीत गुंफलेले असताना शुद्धिस्नानासाठी ती सोडावी लागते का, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि डोक्यावर तीन ओंजळी पाणी ओतले तरी पुरते, हे उत्तर मिळाले. कुराणात पुरुषांचा उल्लेख होतो तसा स्त्रियांचा का होत नाही, हा प्रश्नही त्यांचाच असल्याचे परंपरा सांगते, आणि तेहतिसाव्या अध्यायातील पस्तिसावे वचन, ज्यात श्रद्धा, सत्य, धीर, दान, उपवास अशा दहा गुणांसाठी पुरुष आणि स्त्रिया यांची नावे जोडीजोडीने घेतलेली आहेत, ते त्या प्रश्नानंतर अवतरले असे मानले जाते. एकदा दासी केस विंचरत असताना मशिदीतून ‘लोकहो’ अशी हाक ऐकू आली. त्या उठू लागल्या, तेव्हा ती हाक पुरुषांना आहे, असे दासी म्हणाली, त्यावर आपणही लोकांतच मोडतो, असे त्यांनी तिला सांगितले.

हुदैबियाचा प्रसंग (628) यात सर्वांत बोलका आहे. मक्केच्या यात्रेला निघालेल्या सुमारे चौदाशे जणांना कुरैशांनी वाटेत अडवले आणि झालेल्या तहानुसार त्यांना त्या वर्षी यात्रा न करताच परतायचे होते. अटी मानहानीच्या वाटल्याने, बळीचे पशू येथेच कापा आणि डोकी भादरून घ्या, अशी आज्ञा पैगंबरांनी तीनदा देऊनही कोणी उठेना. ते तंबूत येऊन हे बोलले, तेव्हा उम्म सलमांनी सुचवले, की त्यांनी कोणाशीही न बोलता बाहेर जावे, आपला पशू कापावा आणि नापिताला बोलावून डोके भादरून घ्यावे. त्यांनी तसे केल्यावर लोकही उठले. थिजलेल्या जमावाला पुन्हा हुकूम सोडण्यापेक्षा कृती समोर ठेवणे परिणामकारक ठरेल, ही जाण केवळ चतुराईची नव्हती. त्या लोकांचे दुःख ही अवज्ञा नव्हे, हे त्यांना उमगलेले असावे.

पैगंबरांच्या निधनानंतर त्या जवळजवळ अर्धशतक जगल्या, आणि त्यांच्या पत्नींपैकी सर्वांत शेवटी निवर्तल्या. 656 साली खलिफा अली यांच्याविरुद्ध उठाव होऊन पैगंबरपत्नी आयेशा त्यात उतरल्या, तेव्हा उम्म सलमा अलींच्या बाजूने राहिल्या. त्यांचा मुलगा उमर अलींकडे गेला आणि पुढे त्यांच्या वतीने बहरीनचा सुभेदार झाला. एकाच घरातून, एकाच शिकवणीतून आलेल्या या दोन विधवांनी त्या वर्षी परस्परविरुद्ध निर्णय घेतले, आणि मदिनेतील धर्मजिज्ञासू नंतरही दोघींच्या दाराशी आपले प्रश्न घेऊन जात राहिले.